जाळीच्या आतलं पान

शकुबाईनं बांबूच्या काडीनं टाकीतलं पान वर ओढलं आणि ते हातात धरून तशीच उभी राहिली. सागाचं पान. जेवणाच्या ताटाएवढं. पावसाळा लागल्यापासूनचं हे तिसरं.

"अवो, इकडं या जरा," तिनं नवऱ्याला हाक मारली.

लटारू नुकताच शेळ्या चारून आला होता. दोरी हातात घेऊनच तो आला, टाकीत डोकावला आणि म्हणाला, "वाऱ्यानं आलं असन."

"जाळीतून?"

लटारूनं मान वर केली. टिनाच्या छपरावरचं पाणी पन्हळीत यायचं, पन्हळीतून पाइपात आणि पाइपातून टाकीत. पाइपाच्या तोंडाशी पोरानं, रोशननं, बारीक जाळी तारेनं आवळून बसवली होती. तिच्यातून मुंगळा जायची मारामार, तिथं हे ताट कुठून शिरणार? बरं, टाकीवर लोखंडी झाकण, तेही बंद.

"मी तर कालच छप्पर झाडलं," लटारू म्हणाला. झाडलं होतं हे खरंच. साठी उलटलेला माणूस, पण रोज शिडी लावून वर चढायचा, खराटा मारायचा आणि उतरताना स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या द्यायचा.

शकुबाईचं डोकं चालेना. कडुनिंबाच्या पाल्याचं तिला काही वाटत नव्हतं. झाड घराला लागून, पान ते केवढंसं, झाकण उघडताना पडलं म्हटलं तर कोणालाही पटेल. पण साग? साग गावात औषधालाही नव्हता. होता तो नाल्यापलीकडं, जंगलखात्याच्या हद्दीत. तिथलं पान उठून त्यांच्याच टाकीत काय म्हणून येतं? कुठंतरी पाणी मुरत होतं, एवढं नक्की.

टाकी बांधून दिली ती रोशननंच. गावच्या हातपंपाचं पाणी लाल, त्यात डाळ काही शिजत नाही. रोशन भद्रावतीला खाणीवर नोकरीला होता. बायको नीलिमा आणि दीड वर्षाची पोरगी तिथंच. गेल्या वर्षी टाकीत पाला कुजून पाणी वास मारायला लागलं, तेव्हा तो आई-बाबांना न्यायलाच आला होता.

"तुह्या मायले शहर मानवत नाई," लटारूनं त्याला तेव्हा सांगितलं. "तिले इथंच राहू दे."

शकुबाईनं त्याला चुलीपाशी बोलावून वेगळं सांगितलं, "तुह्या बाबाचा जीव या गावात हाये. तिथं ते चार दिवस नाई काढायचे."

रोशन कपाळाला हात लावून परत गेला. जाताना मात्र बजावून गेला की आता टाकीत पाला सापडला, तर कोणाचं ऐकणार नाही. घराला कुलूप आणि दोघंही भद्रावतीला.

नात फोनवर दिसायची. "आजी" म्हणायला शिकली होती पोरगी. तिच्यासाठी शकुबाईचा जीव तुटायचा, पण लटारू घरात आला की ती फोन ठेवून द्यायची. आपल्यापायी त्या माणसाला गाव सोडावं लागलं, असं तिला आयुष्यात कधी ऐकायचं नव्हतं.

सागाचं पान घेऊन ती शेजारच्या वारलूकडं गेली. वारलूचा डोळा त्यांच्या परसावर होता. हे दोघं गेले तर कुंपण सरकवायला त्याला रान मोकळंच.

"वारलूभाऊ, खरं सांगा. आमच्या टाकीत तुमी तर नाई टाकून राह्यले?"

वारलू धानाच्या बांधीतून आला होता, गुडघ्यापर्यंत चिखल. "मले तेवढंच काम हाये काय, बाई? माहं निंदण कोण करन?" त्यानं पान उलटंसुलटं करून पाहिलं. "वानराचं काम असन."

"वानर झाकण परत लावते?"

वारलूनं पान तिच्या हातात दिलं आणि पाय धुवायला निघून गेला.

शनिवारी दुपारी नवरा-बायकोनं मिळून टाकी साफ केली. चाळणीनं तळापर्यंतचा गाळ काढला. पाणी असं नितळ झालं की तळाचं सिमेंट दिसायला लागलं. "आता काय बिशाद पानाची," लटारू म्हणाला. शकुबाईनंही मान डोलावली.

संध्याकाळच्या बसनं रोशन आला. जेवताना त्यानं विषय काढला. "सकाळी उजेडात टाकी पाहतो. पाणी साफ असन तर सोडा, मी पुन्हा या गोष्टीचं नावसुद्धा नाई काढणार. राहा इथी सुखानं."

"साफच हाये," लटारू घाईनं म्हणाला. "आरशावानी."

"साफ काऊन नाई राहणार?" शकुबाई म्हणाली आणि पोराच्या ताटात आणखी भात वाढला.

झुंजूमुंजू झालं तशी ती उठली. लटारूची खाट रिकामी होती, तो रोजच्यासारखा शेळ्यांकडं गेला असणार. रोशन तोंडावर चादर घेऊन घोरत होता. आवाज न करता ती मागच्या दारानं बाहेर पडली, कडुनिंबाच्या खालच्या फांदीशी थोडा वेळ थांबली आणि मग घराला वळसा घालून टाकीकडं गेली.

टाकीचं झाकण उघडं होतं. काठावर लटारू वाकला होता आणि त्याच्या हातात सागाची दोन ओली पानं होती. चाहुलीनं तो दचकून वळला. मग त्याची नजर बायकोच्या ओच्यावर गेली. ओच्यात कडुनिंबाचा पाला गच्च भरलेला होता. तो जरा बाजूला सरकला आणि त्यानं झाकण आणखी वर उचलून धरलं. "हळू टाक," तो म्हणाला. "पोरगा उठन."