अख्खं जोडवं

"मधमाश्यांचं पोळं काढता का हो?" अग्निशमन केंद्राच्या बाकावर बसत सुगंधाने विचारलं.

"काढतो."

"मांजर विहिरीत पडलं तर?"

"तेही काढतो. पाय पुढे करा, वहिनी." जवान मयेकरांनी कटर उचललं. सुजलेल्या बोटात जोडवं रुतलं होतं. नवऱ्याची होडी गेल्या वर्षी रिकामीच किनाऱ्याला लागली, तेव्हाच गावाने ते उतरवायला सांगितलं होतं. सुगंधा अजून वाट बघत होती.

"लिफ्ट अडकली तर?"

"तुमच्या कौलारू घराला लिफ्ट कधी बसली?" मयेकर हसले, पण तिचे डोळे बघून त्यांनी कटर ठेवलं. "बरं, न कापता काढू."

बोटाला दोरा गुंडाळून त्यांनी जोडवं अलगद बाहेर आणलं. तिने ते मुठीत धरलं.

"सूज किती दिवसांत उतरते हो, भाऊ? परत घालायचंय."