दाढीच्या बदल्यात

तोंडाला साबण लागला की गिऱ्हाईक वाद घालत नाही, हा सलूनवाल्याचा वर्षानुवर्षांचा अनुभव. म्हणून त्या सकाळी खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्याच्या गालांवर त्यानं फेस अंमळ जास्तच चढवला आणि मग स्वतःचं तोंड उघडलं.

बाजारात त्याला कायदेपंडित म्हणत. आयकर भरणं कायद्यानं बंधनकारक नाहीच, हे त्याला मोबाइलवरच्या एका कोटवाल्या गृहस्थानं पटवून दिलं होतं, आणि पटलेली गोष्ट पोटात ठेवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. दोन वर्षं कर भरला नव्हता. आता आरशाखालच्या खणात आयकर खात्याची नोटीस होती, तिच्यावर त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं चार पानी उत्तर होतं, आणि उत्तर द्यायची मुदत आज संपत होती. पडद्यापलीकडे बायकांचे केस कापणाऱ्या त्याच्या बायकोचं म्हणणं साधं होतं : हप्ते मागून घ्या, भरून मोकळे व्हा. भांडत बसलात तर दंड चढेल आणि ही नवी खुर्ची विकायची पाळी येईल. त्यावर तो म्हणाला होता, तुला कायद्यातलं काय कळतं. तेव्हापासून पडद्यापलीकडून फक्त कात्रीचा आवाज येत होता.

"काका, खरं सांगा," वस्तरा गालावर टेकवत तो म्हणाला, "कर भरीन अशी सही तुम्ही कधी कुणाला दिलीत?"

"हं," म्हातारा म्हणाला.

सलूनवाल्याला हुरूप आला. सही नाही तर करार नाही, करार नाही तर देणं कसलं? नोटिशीवरचं नाव कागदावरच्या माणसाचं, आपण हाडामांसाचे, निराळे. शिवाय विवरणपत्र आपणहून भरायचं असतं. आपणहून म्हणजे मर्जीनं, आणि मर्जी नसली की विषय संपला. मुद्द्यागणिक एकेक 'हं' मिळत गेला. वस्तरा गळ्याशी असताना माणूस दुसरं काय म्हणणार, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

शेवटी त्यानं हुकमाचं पान टाकलं. "मी मेहनत देतो, गिऱ्हाईक पैसे देतं. बरोबरीची अदलाबदल. यात मला उत्पन्न कुठं झालं? आणि सरकार उगाच आपली बिनपाण्यानं करतंय."

पहिला हात पुरा झाला. म्हाताऱ्यानं आरशात दोन्ही गाल वळवून पाहिले, हात हलका आहे तुमचा म्हणाला, आणि त्याच सुरात सांगितलं की निवृत्त होईपर्यंत तो आयकराच्या अपिलांवर सुनावण्या घेत असे.

वस्तरा हवेतच राहिला.

"घाबरू नका, आता पेन्शनीत आहे. मुद्दे मात्र सगळे जुन्या ओळखीचे निघाले. बरं वाटलं."

काकांचे एकदम साहेब झाले. सलूनवाल्यानं घाईघाईनं ब्रश फेसात बुडवला, पण साहेबांनी तो हातानं बाजूला धरला. चौकातल्या लाल दिव्याला तरी कुठं सही दिलीत, त्यांनी विचारलं, थांबता की नाही? आपणहून सांगायचं असतं ते किती कमावलं एवढंच. भरायचं की नाही, हे कुणी विचारलेलं नाही. मग त्यांनी भिंतीवरच्या दुकान-परवान्याच्या चौकटीकडे मान वळवली.

"आणि कागदावरचा माणूस निराळा असेल, तर तो परवाना त्याचा आहे. मग तुम्ही त्याच्या दुकानात काय करताय?"

पडद्यापलीकडची कात्री थांबली होती.

"पण साहेब, असं भांडणाऱ्या इतक्या लोकांत एखादा तरी जिंकला असेल."

"एक होता. तुमच्यापेक्षा सरस बोलायचा. पार वरच्या कोर्टापर्यंत गेला."

"मग?"

"हल्ली स्वतःचे केस स्वतःच कापतो."

पडद्यापलीकडे कुणीतरी हसू दाबल्याचं ऐकू आलं. सलूनवाल्यानं दुसरा हात मुकाट्यानं मारला, तुरटी फिरवली, टॉवेल झटकला. मग खण उघडला, ती चार पानं काढली, चार-चार तुकडे केले आणि वस्तरा पुसायच्या कागदांच्या गठ्ठ्यावर ठेवून दिली. हप्ते मागायला काय लिहायचं, हे त्यानं इतक्या हळू विचारलं की पडद्यापलीकडे जाऊ नये. साहेबांनी मोठ्यानं सांगितलं. जेमतेम तीन ओळी झाल्या.

"तुमच्याकडून पैसे घेणार नाही, साहेब."

"मी देणारही नाहीये. आमच्या घरच्यांचे केस तुमच्या घरच्या कापतात. परवा तिथंच ठरलं. दाढीच्या बदल्यात सल्ला."

सलूनवाला पडद्याकडे पाहतच राहिला. पण जित्याची खोड कुठं जाते? हळूहळू त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे यात पैसा आलाच नाही. मी दाढी दिली, तुम्ही सल्ला दिलात. आता हे तरी उत्पन्न नाही ना?"

साहेब दारात थांबले. गुळगुळीत हनुवटीवरून त्यांनी हात फिरवला.

"हेसुद्धा उत्पन्नच. तुमचंही आणि माझंही. दाढीचा नेहमीचा दर वहीत मांडून ठेवा."

सलूनवाल्यानं गल्ल्याकडे हात नेला. वही जागेवर नव्हती.

"मांडलाय," पडद्यापलीकडून आवाज आला, आणि कात्री पुन्हा चालू झाली.