दहा मिनिटं पंचावन्न सेकंद

“पुन्हा गेलं,” फोनवरचे काका म्हणाले. “दहा मिनिटं पंचावन्न सेकंद. थांबा हं जरा.”

“काका, आधी स्क्रीनवर काय आलंय ते वाचा!”

पण फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला होता. ती दातओठ खात बसून राहिली. दोन मिनिटांनी काका परतले, किंचित धापा टाकत. तोवर मशीन आपोआप पुन्हा सुरू झालं होतं आणि स्क्रीनवरच्या ओळी पुसल्या गेल्या होत्या.

सकाळपासून हे असंच चाललं होतं.

कुणालाही फुकट वापरता येईल अशी एक ऑपरेटिंग सिस्टीम हौशी लोकांनी मिळून लिहिली होती. ती सिस्टीम कुठे कोलमडू नये, हे बघणं फोनवरच्या या मुलीचं काम. प्रत्येक बदलात खोट शोधायची म्हणून सहकारी तिला ‘शंकासुर’ म्हणायचे. आज सकाळी नवी आवृत्ती काही हजार मशीनवर गेली होती. दुपारी चारला ती उरलेल्या लाखो मशीनवर जाणार होती.

तक्रार एकच आली. घड्याळं दुरुस्त करणारे हे काका. मशीन छोटं, चिप जुनी. ‘उपयोग’ या रकान्यात त्यांनी ‘घरगुती’ एवढंच लिहिलं होतं. मागची आवृत्ती परत टाकून बघितली, पण मशीन ती घेतच नव्हतं.

“एका माणसाच्या डबड्यासाठी सगळ्यांना थांबवू?” प्रमुखांनी दुसऱ्या फोनवर सुनावलं. “बाकी सगळं सुरळीत चाललंय.”

“शितावरून भाताची परीक्षा, सर. शीत कच्चं निघालंय.”

“मग पुरावा दे. चारच्या आत.”

अडीच वाजले होते.

“काका, आता बंद पडेल तेव्हा जागचे हलू नका. शेवटच्या तीन ओळी मला हव्यातच.”

“त्या वेळी हात मोकळे नसतात हो.”

“नेमकं त्याच वेळी असं काय काम निघतं?”

“निघतं.”

“मग दुसरं कुणी वाचणारं आहे का?”

“शेजारच्या वहिनींना बोलावतो.” मग त्यांनी आवाज उतरवून विचारलं, “ताई, पुन्हा बंद पडू द्यायलाच हवं का?”

“हवंच. त्याशिवाय कळणार कसं?”

“बरं.”

तिची आई दारात उभी राहून ऐकत होती. “किती पिटाळतेस गं त्यांना! आवाज बघ कसा दमलाय.”

“आई, एक दिवस दुकान बंद ठेवून मशीनसमोर बसलं, तर कुणी मरत नाही.”

आई आत गेली.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी मशीन पुन्हा बंद पडलं. काका लगबगीने दूर गेले. वहिनी अक्षरं जुळवत वाचू लागल्या. त्यांचा आवाज कापत होता. इंग्रजी वाचायची भीती वाटत असेल, असं तिला वाटलं.

“सावकाश वाचा, वहिनी. घाई नाही.”

“घाई नाही कशी?” वहिनी जवळजवळ ओरडल्याच. मग त्यांनी उरलेल्या ओळी एका दमात वाचून टाकल्या.

त्या ओळींचा अर्थ एवढाच होता, की राखणदाराला उत्तर मिळालं नाही म्हणून मशीन पुन्हा सुरू करत आहोत. सिस्टीम जागी आहे ना, हे सतत तपासणारा एक छोटा प्रोग्राम असतो, तो हा राखणदार. म्हणजे मशीन बिघडत नव्हतं. कुणीतरी त्याला मेलेलं ठरवत होतं.

दहा मिनिटं पंचावन्न सेकंद म्हणजे सहाशे पंचावन्न सेकंद. राखणदार सेकंदाचे शंभर ठोके मोजतो. म्हणजे पासष्ट हजार पाचशेच्या वर थोडे.

ती ताडकन उठली. पासष्ट हजार पाचशे पस्तीस, सोळा बिटांच्या जागेत मावणारा सगळ्यात मोठा आकडा! जागा वाचवायला कुणीतरी जुन्या चिपवरची ठोके मोजायची जागा आखूड केली होती. त्या आकड्यानंतर मोजणी शून्यावर यायची आणि राखणदार गोंधळायचा.

दुरुस्ती एका ओळीची होती. ती लिहिताना तिची बोटं दोनदा चुकली. तपासून तिने ती काकांकडे पाठवली. मशीन शेवटचं एकदा बंद करावं लागलं. काकांनी काही न विचारता ते केलं.

मग वाट बघणं. घड्याळजी माणूस सेकंद मोजू लागला तेव्हा साडेतीन होऊन गेले होते.

“दहा पन्नास... चोपन्न... पंचावन्न...” ते थांबले.

“छप्पन्न. सत्तावन्न. चालू आहे, ताई. चालू आहे!”

मागे वहिनी हुंदके देत होत्या.

चारला पाच मिनिटं असताना प्रमुखांनी नवी आवृत्ती रोखली. “जिंकलीस, शंकासुर,” ते म्हणाले. जुन्या चिपची किमान चाळीस हजार मशीन वाचली होती. ती खुर्चीत रेलली आणि दिवसभरात पहिल्यांदाच हसली.

“काका, तुमच्यामुळे झालं हे. आता खुशाल दुकान उघडा.”

“नको, आज घरीच बसतो.”

“एक विचारायचं राहूनच गेलं. हे मशीन नेमकं काय करतं?”

“माझ्या लेकीला श्वास देतं,” काका म्हणाले. “ते बंद असलं, की मी देतो. हाताने.”