वॉल्टरने आवळलेला फिल्टर

तेलाच्या फिल्टरवरून साखळीचा पाना तिसऱ्यांदा सटकला आणि डॅरिलचं मनगट गाडीच्या लोखंडावर आपटलं. त्याने शिवी गिळली. आई दोन हातांवर बसलेली असताना बावन्न वर्षांच्या माणसालाही मोकळेपणी शिवी देता येत नाही.

“लागलं का रे?” आईने, नेटीने, विचारलं.

“नाही.”

“मग काय, गाडीला लागलं?”

दूध काढायची जुनी तिपाई शेडच्या दारात टाकून ती लसणाच्या वेण्या घालत होती. गाई विकून वीस वर्षं झाली होती. तिपाई तिने ठेवली होती.

डॅरिल सकाळीच सास्काटून शहरातून आईच्या शेतावर आला होता. शहरात, त्याच्या घरापासून दहा मिनिटांवर, म्हाताऱ्या माणसांच्या निवासात आईसाठी खोली मिळाली होती. सोमवारपर्यंत राखून ठेवली होती. अर्ज त्याने स्वतःच भरून आणला होता, सही तेवढी तिची राहिली होती. ‘अडचण’ असं छापलेल्या रकान्यात त्याने लिहिलं होतं : हातात जोर राहिलेला नाही.

ते त्याने ईस्टरलाच पाहिलं होतं. भरल्या टेबलावर तिने शेपू घातलेल्या काकड्यांची बरणी त्याच्यापुढे सरकवली. “डॅरिल, जरा उघड रे.” त्याने एका झटक्यात उघडली. म्हणजे तिला एवढंही जमत नाही, हे त्याने तिथेच ठरवलं. आई एकटी. शेजार चार मैलांवर. बर्फ पडलं की रस्ता बंद. उन्हाळाभर तो खोलीसाठी फोन करत राहिला.

आई नाही म्हणाली नव्हती. “गाडी विकायचीच ना? मग ताजं तेल घालून वीक. तुझ्या बापाने शिळ्या तेलाची गाडी कुणाच्या गळ्यात मारली नव्हती. तेल बदल, फिल्टर बदल, मग मी सही करते,” एवढंच म्हणाली होती.

गाडी जुनीच होती. दोन वर्षांपूर्वी तिने ती चर्चमधल्या वॉल्टरकडून घेतली. तिची देखभालही वॉल्टरच करतो, असं डॅरिल धरून चालला होता.

“हा वॉल्टर माणूस आहे की बैल?” तो गाडीखालून म्हणाला.

“का? त्याने काय केलं?”

“अगं, फिल्टर लावताना हाताने आवळायचा असतो. पाना फक्त काढताना. बाबांनी शंभरदा सांगितलं असेल.”

“शंभरदा कसलं! जेवताना सांगायचा, झोपेत सांगायचा.”

“ह्याने नक्की पान्याने आवळलाय. हाताने इतका आवळणं कुणाच्या बापाला जमायचं नाही.”

“तुझ्या बापाला तरी नसतंच जमलं,” नेटी म्हणाली आणि तिने लसणाची वेणी ओढून घट्ट केली.

डॅरिलने स्क्रूड्रायव्हर घेतला, हातोडीने फिल्टरच्या आरपार ठोकला आणि दोन्ही हातांनी पिळला. फिल्टर हलला नाही. पत्रा मात्र टरकन फाटला आणि काळं तेल त्याच्या कोपरापर्यंत ओघळलं.

“पत्रा आहे की कागद! असला भिकार फिल्टर कोण घेतं?”

“एकावर एक फुकट असेल.”

“तू वॉल्टरची बाजू घेऊ नकोस.”

“मी कुठे घेते? तू म्हणतोस तर गाढवच तो.” मग थोडं थांबून म्हणाली, “मी आत जाऊन सही करून ठेवू का? तुला अजून बराच वेळ लागेलसं दिसतंय.”

डॅरिलने बापाची छिन्नी काढली, फिल्टरच्या काठाला लावली आणि हाणायला सुरुवात केली. बराच वेळ फक्त हातोडीचा आवाज येत होता. शेवटी काहीतरी करकरलं. फिल्टर बोटभर फिरला, मग आणखी, आणि एकदम निसटून त्याच्या छातीवर पडला.

तो सरपटत बाहेर आला. वॉल्टरला नेऊन दाखवायला म्हणून त्याने तो फाटका डबा चिंधीने पुसला. इंजिनाकडे असलेल्या बाजूला पांढऱ्या शाईत तारीख होती, खाली किलोमीटर. बाबा तसंच लिहायचे. पण बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती आणि तारीख होती या वर्षीच्या सत्तावीस मेची. साताच्या कमरेला आडवी रेघ होती. असा सात तो आयुष्यभर आईच्या जॅमच्या आणि काकड्यांच्या बरण्यांवर बघत आला होता.

ईस्टर त्याच्याआधी, एप्रिलात झालं होतं.

“आई, हा तू लावलास?”

“रबराला तेल चोपडायचं राहिलं रे,” नेटी खाली बघत म्हणाली. “म्हणून चिकटला मेला. मगाशीच सांगणार होते, पण तू वॉल्टरला इतक्या हौसेने शिव्या देत होतास. दुसरा अजून कपाटात आहे, फुकटातला.”

“पाना कुठला वापरलास?”

“पाना काढताना लागतो. लावताना कशाला?”

डॅरिल तिच्या हातांकडे बघत राहिला. त्या हातांनी रोज सकाळ-संध्याकाळ चौदा गाई पिळल्या होत्या. लसूण बाजूला ठेवून तिने त्याला कोरडी चिंधी दिली.

“मग ईस्टरला ती बरणी?” त्याने विचारलं. “ती का नाही उघडली तुला?”

“तू आठ वर्षांचा असल्यापासून मी ती तुझ्याकडेच देते,” आई म्हणाली. “उघडलीस की केवढा खूश होतोस!”