मडावीचं कुलूप

कोळशाचा गाळ उपसणाऱ्या स्लरी पंपाच्या स्विचला लाल कुलूप लटकत होतं. त्यावर नाव होतं, मडावी. फिटर बोरकुटे दोन पावलं मागे सरकला. त्याचा जोडीदार फिटर मडावी मरून सात महिने झाले होते.

कोळसा धुण्याच्या त्या कारखान्यात नियम होता: पंपाच्या हौदात उतरणाऱ्याने स्विचला आपलं कुलूप लावायचं, बाहेर आल्यावर त्यानेच काढायचं. मडावी आत असताना साहेबाने कुलूप तोडायला लावून पंप सुरू केला. तोडलं बोरकुटेनेच. चौकशीवाल्यांनी चहा-भजी खाऊन चूक मेलेल्याच्याच माथी मारली.

"कोणाची मस्करी आहे ही? तोड!" साहेब खेकसला. "माल अडलाय."

"नाही तोडत, साहेब. हा हातोडा घ्या, नोकरीबी घ्या."

साहेबाने हातोडा उचलला, तेवढ्यात हौदाच्या शिडीवर चिखलाने माखलेला हात आला. आजच कामाला लागलेली कंत्राटी विमल धापा टाकत वर चढली.

"तुले कोणी उतरवलं?" बोरकुटेने कसंबसं विचारलं.

"कुलूप लावणारा फिटर होता नं, त्यानं. मी भेत होती, तर म्हणे, उतर बाई, या खेपेला बोरकुटे तोडत नाही."