चार रंगपट्ट्या

"ही पट्टी काढून टाका," अण्णासाहेब म्हणाले.

कस्तुरानं ब्रश खाली ठेवला. ती पिंपरीच्या त्या कारखान्यात नकाशे उतरवणारी ट्रेसर होती. मे महिनाभर चार खात्यांत जागोजागी थर्मामीटर टांगून तापमान मोजलं होतं आणि त्याचे चार नकाशे तिनं रंगवले होते. चारही नकाशांना मिळून शेजारी एकच रंगपट्टी होती. तीस अंशांना फिकट पिवळा, बावन्नला गडद लाल. त्यामुळे तीन खाती पिवळसर दिसत होती आणि वितळलेलं लोखंड ओतायची फाउंड्री तेवढी लालभडक.

दुपारी फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार होते. फाउंड्री अशी दिसली तर तिचं छप्पर उघडून हवा खेळती करायचा हुकूम सुटणार आणि तोवर काम बंद राहणार, हे मॅनेजर अण्णासाहेब ओळखून होते.

"प्रत्येक नकाशाला त्याची त्याची पट्टी करा. त्या त्या खात्यातली सगळ्यात गरम जागा लाल."

"मग अडतीसही लाल आणि बावन्नही लाल दिसेल, साहेब."

"दिसू द्या. आकडे बारीक घाला."

दाराशी युनियनचा जयसिंग उभा होता. दोन महिने तो आणि अण्णासाहेब एकमेकांचं तोंड बघत नव्हते. हा तरी अडवेल, असं कस्तुराला वाटलं.

"साहेब बरोबर सांगत्यात, बाई," जयसिंग म्हणाला. "आमच्या प्रेस शॉपात माणसं घामानं निथळत्यात आन् तुम्ही पिवळं फासलंय. मग आमाला पंखे कोन देनार? फाउंड्रीत तुमच्या गावची माणसं, म्हणून तेवढीच लाल व्हय?"

फाउंड्रीतले सगळे कंत्राटी होते. युनियनच्या यादीत त्यांतल्या एकाचंही नाव नव्हतं.

"मी थर्मामीटर बघितला, भाऊ. माणसं नाही."

"बास! नोकरी टिकवायचीय ना?" अण्णासाहेब कडाडले.

कस्तुरा जेवायलाही उठली नाही. तीन वाजता चार नवे नकाशे भिंतीवर लागले. चारही लाल.

इन्स्पेक्टरांनी चष्मा चढवला आणि प्रत्येक पट्टीखालचे बारीक आकडे जवळ जाऊन वाचले.

"पट्ट्या चार करायला कुणी सांगितलं?"

अण्णासाहेबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. जयसिंगनंही.

"ह्या दोघांनी," कस्तुरा म्हणाली.

इन्स्पेक्टरांचा चेहरा हलला नाही. "बरं. चारही खाती सारखीच लाल. मग उद्यापासून चारही बंद."

"प्रेस शॉप कशापायी बंद?" जयसिंग ओरडला.

अण्णासाहेब त्याच्याही पुढे सरसावले. "अहो, बाकी तिन्हींत काही नाही! माणूस उभा राहू शकत नाही तो फक्त फाउंड्रीत!"

इन्स्पेक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. "हेच पुन्हा एकदा बोला, अण्णासाहेब. लिहून घेतो."