वरची पायरी

"गाव किंवा ही बाई. दोन्ही मिळायचं नाही. बोला, पाद्री," बिशपचा धर्माधिकारी म्हणाला.

सगळं गाव चर्चमध्ये गोळा झालं होतं. पाद्री आरिप्रांदो वेदीसमोर मान खाली घालून उभा होता. त्याची बायको रिकेल्दा बायकांच्या बाजूला खांबाला टेकली होती. त्याच खांबाच्या पलीकडे तेदाल्दो उभा होता. ही आग त्यानं लावली होती, आणि गावात कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

तेदाल्दो या चर्चमधला वाचक. शास्त्रपाठ वाचायचे, मेणबत्त्या लावायच्या, इतकंच त्याचं काम. बायको असलेल्या पाद्रीची मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, कुणी ऐकायची नाही, असा नवा हुकूम रोमहून निघाला होता. पण असले हुकूम डोंगरातल्या खेड्यापर्यंत चढत नसत. कुणी तक्रार केली नाही, तर बिशपही कानाडोळा करत. म्हणून तेदाल्दो स्वतः डोंगर उतरून तळ्याकाठच्या शहरात गेला आणि तक्रार करून आला.

रिकेल्दा त्याला लहानपणापासून आवडायची. लग्न मात्र तिनं केलं आरिप्रांदोशी. कशात काय पाहिलं तिनं त्या माणसात, देव जाणे! कान सुपाएवढे, आणि मिस्सा म्हणताना सारखा खोकायचा. दर रविवारी ती तेदाल्दोला जेवायला बोलवायची. चेस्टनटच्या पिठाची गरम भाकरी आधी नवऱ्याच्या पानात पडायची. "अहो, निवायच्या आत खा," ती म्हणायची, आणि तेदाल्दो आपल्या रिकाम्या पानाकडे बघत बसायचा. हिवाळ्यात ती नवऱ्याच्या छातीला हंसाची चरबी चोळायची. एका वर्षी तेदाल्दोनं मुद्दाम उघड्यावर झोपून खोकला आणला. रिकेल्दानं चरबीची वाटी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "आईला सांग हो चोळायला." तो मत्सरानं आतल्या आत जळत घरी आला.

शहरात त्यानं एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारून घेतली होती. पाद्रीनं टाकल्यावर त्या बाईचं काय? "नव्या कायद्यानं ती बायकोच नाही," धर्माधिकारी म्हणाला होता. "उद्या कुणाशीही लग्न करू दे." वाचकाला तर लग्नाची मुभाच होती. बंदी वरच्या पायरीला, म्हणजे पाद्री आणि त्याच्या लगतच्यांना. ती पायरी बिशपांनी तेदाल्दोला दोनदा देऊ केली होती. 'माझी लायकी नाही' म्हणत त्यानं ती दोनदा टाळली होती. गाव त्याला विनयशील समजत होतं. परवाच त्यानं घराच्या छपरावर नव्या दगडी फरश्या चढवल्या होत्या. आरिप्रांदो गावच निवडणार, यात त्याला शंका नव्हती. घर, शेत, मान सोडून बायको कोण घेतं? रिकेल्दा रस्त्यावर आली की तिला कळणार होतं, आपण कुणाच्या गळ्यात माळ घातली होती ते.

आरिप्रांदो खोकला. मग त्यानं गळ्यातला धर्मसेवेचा पट्टा काढला, नीट घडी घातली आणि वेदीवर ठेवला.

"मिस्सा म्हणणारे तुम्हांला शंभर मिळतील, महाराज," तो म्हणाला. "मला ही एकच आहे."

"अहो, घर जाईल, शेत जाईल! खायचं काय आपण?" रिकेल्दा ओरडली.

"तुझ्या भावाच्या बकऱ्या राखीन. बकऱ्यांना माझ्या खोकल्याचं काही वाटत नाही."

लोक हसले. दोन म्हाताऱ्यांनी डोळ्यांना पदर लावला. रिकेल्दा रडतारडता हसत नवऱ्याकडे बघत होती. असं तिनं तेदाल्दोकडे जन्मात कधी बघितलं नव्हतं. त्याला वाटलं, हा खोकणारा माणूस सगळं घालवूनही जिंकला. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मग इथं मिस्सा कोण म्हणणार?" असं म्हणत धर्माधिकाऱ्यानं सगळीकडे नजर फिरवली. ती खांबापाशी थांबली. "तू. ये पुढं."

तेदाल्दो पुढं गेला.

"दोनदा नाही म्हणालास, आज चालायचं नाही. रविवारी बिशप तुला पहिली दीक्षा देतील, पुढच्या यथावकाश. ब्रह्मचर्याची शपथ मात्र आत्ता, गावासमोर."

"महाराज, माझी लायकी..."

धर्माधिकारी त्याच्या कानाशी वाकला. "बाईच्या नादात असलेला पाद्री नको, म्हणून तूच तर तळमळून आला होतास. का रे, दुसरंच काही होतं का मनात? असेल तर सांग मोठ्यानं."

रिकेल्दा दोन हातांच्या अंतरावर उभी होती. खरं सांगितलं, तर तिच्या घराचा घात कुणी केला हे तिला इथंच कळणार होतं.

"काही नाही, महाराज," तेदाल्दो कसाबसा म्हणाला.

त्यानं शुभवर्तमानाच्या ग्रंथावर हात ठेवला. शपथेचे शब्द धर्माधिकारी सांगत गेला आणि तो त्याच्यामागून म्हणत गेला. मग धर्माधिकारी गावाकडे वळला. दीक्षेआधी उमेदवाराच्या चारित्र्याची ग्वाही गावानं द्यायची, ही जुनी रीत.

"या माणसाला कुठल्या बाईचा नाद होता का? कुणाला काही ठाऊक असेल, तर आत्ता बोला. नसेल, तर एकानं तरी ग्वाही द्या."

गाव आरिप्रांदोसाठी हळहळत होतं. कुणी तोंड उघडेना. तेदाल्दोला एकदम आशा वाटली. एखादीनं खोटंनाटं काही सांगावं, काहीही! मनातल्या मनात तो सगळ्या संतांना विनवू लागला.

तेवढ्यात रिकेल्दा डोळे पुसत पुढं आली. तिनं त्याचा हात आपल्या हातात घेतला. आजवर तिनं कधी त्याला हात लावला नव्हता.

"मी देते ग्वाही, महाराज," ती म्हणाली. "शेजारीच वाढलोय आम्ही. ह्याच्या मनात कधी कुठली बाई आली असती, तर सगळ्यांत आधी मला कळलं असतं."